माळवदाचे घर आणि कॅमेरा

मराठवाड्यातले सिंदफणा नदीकाठचे शिरूर कासार १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी संस्थानातले महाल आतून टिपले. शिरूरसारख्या गावांतली साधी घरे मात्र कॅमेऱ्यापुढे क्वचितच आली. कारण निव्वळ गरिबीचे नव्हे, उजेडाचेही. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवरचे माळवद आणि एखादा झरोका. त्या काळोखात कॅमेऱ्याच्या जुन्या काचपट्टीवर चित्र उमटायला प्रदीर्घ वेळ लागे. म्हणून माणसे अंगणात बसवली जात. घर उरे ते पाठीमागच्या दारापुरते. आता माळवदांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले. म्हणून अंगणातल्या त्या जुन्या फोटोंच्या कडेला दिसणारे जोते, देवळी, खुंटी वास्तुअभ्यासाला पोझ दिलेल्या चेहऱ्यांहून मोलाची. कुटुंबाला अर्थातच चेहरेच.