बलुत्यापासून शेअरपर्यंत

"सध्या पगार जमणार नाही, पण कंपनीत हिस्सा देऊ." सॉफ्टवेअर शिकून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींना स्टार्टअपवाले असे सांगतात, तेव्हा आम्हाला बलुते आठवते.

महार वतनात सरकारची आणि गावाची चाकरी रात्रंदिवस होती. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने उभे राहायचे. मोबदला काय? तुटपुंजी वतनी जमीन आणि रयतेने दिले तर बलुते. महारांनी मान वर केली की बलुते बंद! १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा, ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून महारांना द्यावी, ही त्यातली मागणी. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. मोल कुणाच्या मर्जीवर ठेवायचे, हा प्रश्न मात्र बाबासाहेबांनी तेव्हाच नेमका पकडला होता.

वतन आणि शेअर एकच, असे आम्ही म्हणत नाही. वतन जन्माने गळ्यात पडे, स्टार्टअपला नकार देता येतो. शेअरने नशीब पालटलेले इंजिनिअरही आहेत. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट शेअर बाजारात आली आणि तिथले कितीतरी कर्मचारी पुढे लक्षाधीश झाले. पण त्याच कंपनीत त्यांच्या शेजारी बसून तेच काम करणारे 'फ्रीलान्सर' होते. त्यांच्या ओळखपत्राचा रंग वेगळा, ईमेलचा पत्ता वेगळा आणि सवलतीच्या शेअर योजनेत नाव नाही. (एकाच छताखाली दोन रंग. आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.) ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षे लढले. २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आपल्याकडे २०१४ च्या कंपनी नियमांनुसार कर्मचारी शेअर योजना कायम कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि हक्क पदरात पडायला किमान एक वर्ष लागते. म्हणजे करारावर 'कन्सल्टंट' लिहिले असेल, तर तोंडी कबूल केलेला हिस्सा बहुधा हवेतच राहतो. मिळाला तरी बाजारात न आलेल्या कंपनीचा शेअर विकणार कुणाला?

बापाचा फ्लॅट असलेला मुलगा दोन वर्षे बिनपगारी काढू शकतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरणारी आपली पहिली पिढी काढू शकत नाही. म्हणून सही करण्याआधी विचारा: पगार रोख किती? हुद्दा कायम की कंत्राटी? एकूण शेअर किती, त्यातले माझे किती? मध्येच नोकरी सुटली तर त्यांचे काय? उत्तरे लेखी घ्या.