नऊवारीची गोष्ट : चित्रफलक, रंगभूमी आणि रुपेरी पडदा

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या रस्त्यावरून शोभायात्रा जाते. ढोल-ताशांच्या मागोमाग मोटारसायकलींवरून मुली येतात. अंगावर जरीकाठी नऊवारी, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ, डोक्याला फेटा आणि डोळ्यांवर काळा चष्मा! हा थाट पाहून म्हाताऱ्या माणसांचे डोळे निवतात. एका वर्षी शेजारच्या आजींनी त्यांतल्या एकीला कौतुकाने विचारले, "पोरी, एवढं चापूनचोपून नेसायला शिकवलं कुणी तुला?" मुलगी हसून म्हणाली, "नेसायची कुठे असते आजी? शिवलेली आहे ही. पायजम्यासारखी चढवायची आणि नाडी बांधायची." आजी क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "बरं आहे बाई. पण मग ओच्यात काय घेशील?"

मुलीला प्रश्न कळला नाही. ओचा म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नव्हते. निऱ्यांचा वर खोचलेला तो भाग म्हणजे बाईमाणसाचा खिसा. परसातली फुले, रानातल्या शेंगा, देवळातला प्रसाद, सारे काही ओच्यातून घरी यायचे. वेश आला, पण त्यातला ओचा हरवला! हा वेश आपल्यापर्यंत आला कसा, वाटेत कोणाकोणाच्या हातांतून गेला, आणि त्यात काय राहिले, काय गळाले, ते आज आपण थोडे पाहू.

आपण ज्याला सरसकट 'पारंपरिक मराठी वेश' म्हणतो, तो मुळात एक नव्हताच. लुगडे नऊ वारांचेच, पण नेसणी किती तरी! घोट्यापर्यंत निऱ्या सोडून मागे काष्टा घालणारी ब्राह्मणी नेसण निराळी, गुडघ्याशी आवळून घेतलेले कोळणीचे लुगडे निराळे, चिखलात भात लावणाऱ्या कुणबिणीचे आणखी निराळे. गोव्याकडची कुणबी बाई तर खांद्यावर पदराची गाठ मारी. बाई दुरून दिसली, तरी तिचा गाव, तिचा धंदा आणि तिची जात लुगड्यावरून ओळखू येई. यातली शेवटची गोष्ट विसरू नका, बरं का! पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

इतक्या नेसणींतून एकच डोळ्यांत भरावी, हे घडले कसे? त्याची सुरुवात चित्रांपासून करावी लागते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे केरळातले चित्रकार. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक प्रसंगांची १४ चित्रे करवून घेतली. आता प्रश्न असा की, दमयंती किंवा सीता नेमके काय नेसत होती? ते पाहिले आहे कोणी? रविवर्मा भावाला बरोबर घेऊन देशभर हिंडले, निरनिराळ्या प्रांतांचे वेश त्यांनी न्याहाळले आणि अखेर पुराणातल्या स्त्रियांना साडी नेसवली. त्यांच्या कित्येक नायिकांच्या निऱ्यांना आणि पदराला असलेले मराठी वळण सहज ओळखू येते. याच चित्रकाराने दुसऱ्या एका चित्रात अकरा प्रांतांच्या अकरा गायिका-वादिका आपापल्या वेशात एकत्र बसवल्या आहेत. म्हणजे वेशांची विविधता त्यांना माहीत होती. पण देवी रंगवायची तर एक वेश निवडणे भाग होते, आणि तो त्यांनी निवडला.

ही चित्रे राजवाड्यातच राहिली असती, तर फारसे काही झाले नसते. पण १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. रंगीत तसबिरी घरोघर भिंतींवर लागल्या. ज्या घरात रेशमी काठाचे एक लुगडे नव्हते, त्या घरातही जरीच्या साडीतली लक्ष्मी आली. रोज हात जोडताना डोळ्यांना त्या वेशाची सवय झाली. देवीचा म्हणून जो वेश मनात ठसला, तोच पुढे सुंदर स्त्रीचा वेश ठरला.

मग आली रंगभूमी. आणि इथे एक गंमत आहे. मराठी बायकांना लुगडे नेसण्याची नवी ऐट शिकवली ती एका पुरुषाने! नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ मध्ये 'मानापमान'मधली भामिनी आणि १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी त्यांनी रंगवली. १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर तर वेशभूषेवरच्या खर्चाला धरबंद राहिला नाही. खऱ्या पैठण्या, खरे शालू, उंची अत्तरे! मंडळी कर्जात बुडाली, त्याला हा षोकही काही अंशी कारण झाला. नाट्यगृहात बायका गाणे ऐकायला येत, तशाच पाहायलाही येत. पदर कसा घेतला आहे, अंबाड्यावर गजरा कुठे माळला आहे, चालताना निऱ्या कशा पडतात, हे सारे डोळ्यांत साठवून घरी नेत आणि आरशासमोर करून पाहत.

यात हसण्यासारखे काही नाही. घरंदाज बाईने चारचौघांत नीट वावरावे अशी सोयच तेव्हा नव्हती. बाईच्या रूपाकडे उघडपणे पाहणे पुरुषाला अशिष्ट आणि बाईला त्याहून अशिष्ट. मग बाईचे सौंदर्य पाहायचे कोठे? तर पुरुषाच्या अंगावर! त्या वेळच्या समाजाने ही अशी पळवाट काढली होती.

सिनेमा आला तोही याच वाटेने. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, आणि रविवर्म्यांच्या छापखान्याचे कामही त्यांनी केले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तेव्हा ओलिओग्राफच्या चौकटीतली माणसे जणू हलू लागली. त्यातल्या तारामतीचे लुगडे नेसले होते अण्णा साळुंके यांनी. कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पुढे आल्या आणि ती कोंडी फुटली.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर हे तर नावापासूनच चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा बनवला, आणि १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ते त्याची चित्रे काढीत. पात्र कुठे उभे राहील, अंगावर काय असेल, हे आधी कागदावर ठरे. चित्रपट होता मुका आणि बिनरंगाचा. अशा चित्रात लाल लुगडे आणि हिरवे लुगडे सारखेच काळपट दिसणार. दिसणार तो काठ, दिसणार ती चुणी, दिसणार पदराचा फलकारा. म्हणून चित्रकाराचा डोळा असलेला माणूस तिथे हवा होता. रंगांची हौस बाबूरावांनी जाहिरातीच्या भित्तिचित्रांवर भागवली.

आता आपण ज्या गोष्टीकडे परत यायचे म्हटले, तिच्याकडे वळू. हे सारे रसिकतेचे सोहळे चालू असताना, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहाची परिषद भरली होती. तिथे जमलेल्या स्त्रियांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि बोलले ते लुगड्याबद्दल! अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी गुडघ्यापर्यंतची नेसण सोडा, अंगावरचे ते ओझ्यासारखे कथलाचे-चांदीचे दागिने सोडा, लुगडे स्वच्छ असू द्या आणि इतर स्त्रिया नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी बायका तशा नेसून आल्या, असे त्या परिषदेच्या हकिकतींत सांगितले जाते.

श्रोतेहो, कापड तेच, वार तेवढेच. पण एकीने ते चार बोटे खाली सोडले, तर ती फॅशन. आणि दुसरीने सोडले, तर ते बंड! बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून निऱ्या सारख्या करणारी बाई आणि महाडहून परतताना घोट्यापर्यंत लुगडे सोडून गावात शिरणारी बाई, या दोघी एकाच काळातल्या. वेशाचा इतिहास लिहायचा, तर पहिलीइतकीच दुसरी त्यात आली पाहिजे. तिची तसबीर कोणी छापली नाही, एवढेच.

आणि त्या घोट्यापर्यंतच्या नेसणीखालीही दुःख काही कमी नव्हते. ज्या घरांतून ती मानाची नेसण आली, त्याच घरांत विधवेचे केशवपन होई आणि तिच्या वाट्याला लाल आलवण येई. नथ आणि पैठणी यांची आठवण काढताना आपण आलवण माळ्यावरच ठेवतो.

ही दुसरी बाजू पडद्यावर आली बोलपटाच्या काळात, आणि त्याचे श्रेय प्रभात फिल्म कंपनीला आहे. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. अण्णा साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत १९ वर्षे गेली, आणि मुंबईतल्या प्रतिष्ठित घरातली शिकलेली स्त्री पडद्यावर आली. 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट दिग्दर्शित केला दामले आणि फत्तेलाल यांनी. दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. त्यातली गौरीबाईंची जिजाई पाहा. तिचे लुगडे कष्टाचे आहे. शेणामातीत वावरणाऱ्या बाईचे आहे. पुढच्याच वर्षी 'कुंकू' आला. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली शांता आपटे यांची नीरा नेसते ते चारचौघींसारखेच लुगडे. पण त्या लुगड्यातली बाई 'नाही' म्हणते! वेश जुना, माणूस नवा, हे प्रभातने फार नेटके साधले होते.

याच सुमारास घरांतून नऊवारी मागे पडू लागली होती. शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनी पाचवारी गोल पातळ जवळ केले. महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये त्यावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा नऊ वारांपेक्षा पाच वार परवडतात हा हिशेबही घरोघर झाला असणार. आई नऊवारीत आणि मुलगी पाचवारीत, असे फोटो तुमच्याही घरी असतील. मग नऊवारी पडद्यावर राहिली ती मुख्यतः तमाशाच्या फडावर. १९५९ मधल्या 'सांगत्ये ऐका'चे प्रयोग पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालले आणि हंसा वाडकरांची ठसकेबाज नेसण लोकांच्या मनात बसली. नऊवारी म्हटले की एकतर आजी किंवा लावणी, असे समीकरण होऊन गेले. मधली सगळी बाईमाणसे नजरेआड झाली.

कोल्हापूरचा हा धागा एका व्यक्तीने पुढे जगभर नेला. प्रभात निघाली त्याच १९२९ साली कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये जन्मल्या. पुढच्या भानू अथैया. वडील चित्रकार. मुलगी जे. जे. कलाशाळेत शिकली आणि १९५३ मध्ये मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. तिथून त्या कपड्यांकडे वळल्या. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) मधली बंगाली जमीनदारवाड्यातली बहू असो, की 'आम्रपाली' (१९६६) मधली अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरल्यासारखी नर्तिका असो, आधी अभ्यास, मग कात्री, हा त्यांचा शिरस्ता. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात त्यांना भरजरी कपडे करायचे नव्हते. करायची होती खादी, आणि तीही धुऊन विरलेली, अंगाला सरावलेली. नवे कोरे कापड करणे सोपे. वापरलेले दिसणारे करणे कठीण! २०१२ साली त्यांनी ते ऑस्कर नीट जतन व्हावे म्हणून अकादमीकडे परत सोपवले. २०२० मध्ये त्या गेल्या.

या परत करण्यात मला मोठा अर्थ दिसतो. जपणूक ही आपल्याकडची दुबळी बाजू. 'राजा हरिश्चंद्र'चा केवळ काही भागच आज शिल्लक आहे. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांतले फारच थोडे वाचले. फिती गेल्या, त्यांबरोबर त्यांतली लुगडीही गेली. मग आपण जुना वेश म्हणून नक्कल करतो ती कशाची? तर तसबिरीची, नाटकाच्या फोटोची आणि त्यांवरून पुन्हा केलेल्या नव्या चित्रपटांची.

शिवलेल्या नऊवारीला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मोटारसायकल चालवायची तर तीच बरी! आणि वेश बदलत आला आहे, हेच तर आतापर्यंत सांगितले. माझे मागणे एवढेच आहे. ज्या घरात नऊवारी नेसता येणारी एखादी आजी, मावशी किंवा शेतावरची बाई असेल, त्या घरातल्या मुलीने एकदा तिच्यापुढे लुगडे घेऊन बसावे. नेसायला शिकावे, आणि नेसता नेसता विचारावे, "तुमच्याकडे असंच नेसत का? की वर? का बरं वर?" त्या 'का'चे उत्तर कुठल्याही तसबिरीत नाही, कुठल्याही चित्रपटात नाही. ते आहे फक्त तिच्या हातांत आणि तिच्या आठवणीत. ते ओच्यात घ्या आणि घरी न्या.