भोजनपर्यायी आहार व पोषणाची किमान मर्यादा : एक ऐतिहासिक विवेचन

स्थूलता कमी करण्यासाठी नित्याच्या भोजनाऐवजी मोजून-मापून सिद्ध केलेले पेय अथवा भुकटी घेण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अशा आहारात ऊर्जा किती असावी याची चर्चा आरंभापासून झाली. ऊर्जा घटविली तरी कोणते घटक घटविता येत नाहीत, हा प्रश्न मात्र पुष्कळ उशिरा विचारला गेला. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी काही माणसांना प्राणांस मुकावे लागले.

वस्तुतः या प्रश्नाचे शास्त्रीय बीज बरेच जुने आहे. बोस्टन येथील कार्नेगी संस्थेच्या पोषण-प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१२ साली ३१ दिवस केवळ पाण्यावर राहिलेल्या एका मनुष्याचे निरीक्षण केले. त्याच्या शरीरातून दररोज सुमारे ७ ते १२ ग्रॅम नत्र बाहेर पडत होते. १ ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ६.२५ ग्रॅम प्रथिन. या हिशेबाने रोज ४४ ते ७५ ग्रॅम प्रथिनांचा क्षय होत होता. ऊर्जेची उणीव साठलेल्या मेदातून भरून निघते. परंतु प्रथिनांचे असे राखीव कोठार देहात नसते. जे प्रथिन असते ते स्नायू, यकृत, हृदय यांच्या घडणीतच गुंतलेले असते.

१९५९ साली अमेरिकेतील मीड जॉन्सन या कंपनीने ‘मेट्रेकल’ बाजारात आणले. रुग्णांच्या पोषणासाठी तयार केलेल्या ‘सस्टाजेन’ या जुन्या उत्पादनाशी त्याचे निकटचे नाते होते. दिवसाच्या ९०० उष्मांकांत ७० ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम स्निग्ध पदार्थ व ११० ग्रॅम पिष्टमय पदार्थ अशी त्याची योजना होती. सुमारे ३१ टक्के ऊर्जा प्रथिनांतून मिळत असे, आणि ती प्रथिने मुख्यतः दूध व सोयाबीन यांची असत. रुग्णाहाराच्या परंपरेतून आल्यामुळे या पेयात पोषणाची चौकट बहुतांशी शाबूत राहिली होती.

ही चौकट पुढील दोन दशकांत मोडली. १९७६ साली डॉ. रॉबर्ट लिन यांच्या ‘द लास्ट चान्स डाएट’ या पुस्तकामुळे द्रवरूप प्रथिनांचा उपवास लोकप्रिय झाला. दिवसाला ४०० हूनही कमी उष्मांक देणारी ही पेये जनावरांच्या कातडी, स्नायुबंध इत्यादींपासून काढलेल्या कोलॅजेनाच्या विघटनाने बनविलेली असत. वेष्टनावर छापलेले प्रथिनांचे ग्रॅम खरे होते. तथापि कोलॅजेनात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. प्रमाणाची नोंद होती, प्रतीची नव्हती. १९७७-७८ च्या सुमारास अशा आहाराशी संबंधित सुमारे ६० मृत्यूंची नोंद अमेरिकी शासनाकडे झाली. त्यांपैकी १७ प्रकरणांच्या चिकित्सेत हृदयाच्या लयीतील घातक बिघाड पुढे आला. हीन प्रतीची प्रथिने, खनिजांची न्यूनता व हृदयस्नायूंचा क्षय यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी मतभेद राहिले. परंतु ऊर्जेइतकेच लक्ष इतर घटकांकडे दिले पाहिजे, हे निर्विवाद ठरले.

यानंतरच किमान मर्यादा लेखी स्वरूपात आल्या. १९८७ साली ब्रिटनच्या शासकीय तज्ज्ञसमितीने स्त्रियांसाठी ४०० उष्मांक व ४० ग्रॅम प्रथिने आणि पुरुषांसाठी ५०० उष्मांक व ५० ग्रॅम प्रथिने ही किमान मर्यादा सुचविली. कोडेक्स अलिमेंटारियस आयोगाच्या १९९१ च्या मानकाने संपूर्ण आहारासाठी ८०० ते १२०० उष्मांक आणि एका भोजनाच्या पर्यायासाठी २०० ते ४०० उष्मांक ठरविले. त्यांतील २५ ते ५० टक्के ऊर्जा प्रथिनांतून यावी, असेही त्याने सांगितले. ४५० ते ८०० उष्मांकांच्या आहारासाठी १९९५ च्या मानकाने किमान ५० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, तितकीच पिष्टमय द्रव्ये व ३ ग्रॅम लिनोलेइक आम्ल आवश्यक मानले. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमाने, जो २७ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला, संपूर्ण आहाराची ऊर्जा ६०० ते १२०० उष्मांक व प्रथिने ७५ ते १०५ ग्रॅम निश्चित केली. स्थूल व्यक्तींची वाढीव गरज यात हिशेबात धरली आहे.

या आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. युरोपात १९९६ च्या निर्देशानुसार असलेली ८०० उष्मांकांची खालची मर्यादा ६०० वर आली, आणि प्रथिनांची किमान मर्यादा मात्र वर चढली. ६०० उष्मांकांत ७५ ग्रॅम प्रथिने म्हणजे निम्मी ऊर्जा प्रथिनांची. अन्न जितके कमी, तितका त्यातील अत्यावश्यक घटकांचा वाटा अधिक, हे तत्त्व येथे अंकरूपाने व्यक्त झाले आहे. बेनेडिक्ट यांच्या प्रयोगात ते सूचित होते. परंतु नियमांत त्याला स्थान मिळण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणून पोषणमानकातील किमान आकडा वाचताना तो कोणत्या प्रमादाचे उत्तर म्हणून निर्माण झाला, हे अभ्यासकाने ध्यानी घेतले पाहिजे.