कैसरियाच्या गुरुगृही

इसवी सन २३३च्या सुमारास तुम्ही रोमन सरकारी गाडीतून दक्षिणेला निघाला आहात. उजव्या हाताला भूमध्य समुद्र आहे. किनाऱ्याच्या वाळूतून, कमानींवर उचललेला पाण्याचा पाट तुमच्या सोबतीने चाललाय. तो जिथे पोचतो ते शहर कैसरिया. हेरोद राजाने वसवलेलं हे बंदर आता पॅलेस्टाइनच्या रोमन सुभेदाराचं ठाणं आहे.

गाडीत पोंटस प्रांतातल्या निओकैसरियाचे दोघे भाऊ आहेत. एक थिओडोर, ज्याला जग पुढे ग्रेगरी म्हणून ओळखेल, दुसरा अथेनोडोरस. ग्रेगरी चौदा वर्षांचा असताना वडील गेले. आईने त्याला वक्तृत्व शिकायला घातलं, मग रोमन कायद्याची ओढ लागली. त्यासाठी बैरूत गाठायचं ठरलं होतं. तेवढ्यात मेहुण्याला कैसरियात सुभेदाराचा कायदे-सल्लागार म्हणून नेमणूक मिळाली. बायकोला आणायला त्याने शिपाई धाडला आणि शिपायाने सरकारी गाड्यांचे परवाने लागतील त्याहून जास्त आणले. बहिणीला पोचवू आणि मग बैरूतला जाऊ, असा भावांचा बेत आहे. तुमचाही तोच.

तो बेत मोडणारा माणूस पन्नाशीला टेकलेला आहे. त्याचं नाव ओरिगेन, मूळचा अलेक्झांड्रियाचा. त्याला सतरावं वर्षही पुरं झालं नव्हतं, तेव्हा ख्रिस्ती म्हणून त्याच्या वडिलांचा, लिओनिदेसचा, शिरच्छेद झाला. पोरगाही त्यांच्यामागे मरणाला सामोरा जाईल या धास्तीने आईने त्याचे कपडे लपवून ठेवले. मालमत्ता जप्त झाली. मागे आई आणि सहा धाकटे भाऊ. तो व्याकरण शिकवून घराला हातभार लावू लागला. पुढे स्वतःजवळची ग्रीक पुस्तकं विकून रोजच्या चार ओबोलांवर राहिला, जमिनीवर झोपला, वर्षानुवर्षं अनवाणी हिंडला. अलेक्झांड्रियाच्या बिशपशी बिनसल्यावर तो इथे येऊन स्थिरावला आहे.

पहिल्या भेटीत तो तुम्हाला उपदेश करेल, अशी तुमची अटकळ असते. तो करत नाही. तो तत्त्वज्ञानाबद्दल बोलतो. माणसाने स्वतःला ओळखावं, काय मिळवायचं आणि काय टाळायचं ते पारखावं, आणि विचार केल्यावाचून खरी भक्ती होत नाही, असं त्याचं म्हणणं. उद्या निघू म्हणता म्हणता दिवस जातात. ग्रेगरीला त्याचं कारण पुढे सापडतं: त्याला ओरिगेनचा लळा लागलाय. योनाथानाचा जीव दावीदाच्या जिवाशी जडला, तसं आपलं झालं, असं तो सांगेल. बैरूत मागे पडतं. तुम्ही राहता.

आता शिकवणी सुरू होते, आणि ती सोसवत नाही. तुम्ही कायदा शिकायला निघालेले. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, हे उत्तर तुमच्या जिभेवर तयार आहे. ओरिगेन ते खोडत नाही. प्रश्न विचारत विचारत तो तुम्हाला तुमच्याच उत्तराच्या तळाशी नेतो. कोर्टकचेऱ्यांत दुसऱ्यांचा हिशेब मांडणारा माणूस स्वतःच्या मनाचं काय देणं लागतो? जिवाने आधी आपलं काम नीट करावं, न्याय तिथून सुरू होतो, हे तुमचं तुम्हालाच उमगेपर्यंत तो थांबत नाही. तुम्ही चिडता, अडता, गप्प होता. ग्रेगरी या शिक्षकाची तुलना जमीन पाहणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याशी करतो: पडीक रानही तो टाकून देत नाही, काटेरी झुडपं उपटतो, नांगरतो आणि मगच पेरतो.

मन असं तयार झाल्यावर विषय येतात. आधी तर्क. मग सृष्टीचं ज्ञान, भूमिती आणि खगोल. मग नीती. हा विषय मात्र तो बोलून शिकवण्यापेक्षा वागून शिकवतो. वडिलांच्या वधाची आठवण उरात बाळगून या माणसाने कधी माघार घेतली नाही, हे तुम्ही पाहता, आणि धैर्यावरचं प्रवचन मग ऐकावं लागत नाही. २३५ साली सम्राट मॅक्सिमिनसच्या काळात त्याचा आश्रयदाता मित्र अँब्रोज आणि इथला प्रेस्बिटर प्रोटोक्टेटस संकटात सापडतात, तेव्हा ओरिगेन त्यांच्यासाठी हौतात्म्यावर पुस्तक लिहितो.

सगळ्यात मोठं धाडस वाचनात आहे. देव आणि देवाची व्यवस्था नाकारणारे लेखक सोडले, तर कवी आणि तत्त्वज्ञ सगळे वाचा, असा त्याचा आग्रह आहे. कुठल्याही एका पंथाला आधीच बांधून घेऊ नका. योगायोगाने जो आधी भेटला त्याच्यापाशीच माणूस अडकून बसतो आणि बाकीच्यांचं ऐकायचं सोडतो, हे त्याने पाहिलंय. तो स्वतः सोबत राहतो, जे चांगलं ते दाखवतो, जे फोल ते बाजूला काढतो. मग पवित्र शास्त्र उघडतं. तिथे कुठलाही प्रश्न विचारायला बंदी नाही.

हा माणूस शास्त्राशी कसा वागतो, हे त्याच्या मेजावर दिसतं. जुन्या कराराची सहा रूपं तो शेजारी शेजारी मांडतोय: हिब्रू, ग्रीक अक्षरांत लिहिलेलं हिब्रू, आणि अक्विला, सिम्माकस, सत्तरी, थिओडोशन ही चार ग्रीक भाषांतरं. सत्तरीत जे हिब्रूपेक्षा जास्त आहे, तिथे एक खूण. हिब्रूत असून सत्तरीत नाही, तिथे दुसरी. ज्या शब्दांवर त्याचा जीव आहे, तेच तो सर्वांत कसोशीने तपासतो. शिष्यांनी नुसती मान डोलवावी, हे अशा माणसाला कसं चालेल?

साधारण २३८ साली निघायची वेळ येते. ग्रेगरी गुरूसमोर उभा राहून निरोपाचं भाषण करतो. इथून जाणं त्याला नंदनवनातून बाहेर पडण्यासारखं वाटतं. त्याचं हे भाषण आजही उपलब्ध आहे, म्हणूनच या शाळेत काय चालायचं ते आपल्याला कळतं. ओरिगेन ग्रेगरीला लिहिलेल्या पत्रात रडगाणं गात नाही. तू उत्तम रोमन वकील होशील किंवा ग्रीक तत्त्वज्ञ होशील, असं तो मान्य करतो. पण ही सगळी विद्या ख्रिस्ती श्रद्धेच्या सेवेला लाव, असं सांगतो. मिसरमधून बाहेर पडताना इस्राएलांनी नेलेलं सोनं निवासमंडपाच्या कामी आलं, तशी. आणि त्याच विद्येची मूर्ती करून तिला पुजणारेच जास्त असतात, असंही बजावतो.

ग्रेगरीबरोबर पोंटसला जा. तो निओकैसरियाचा बिशप होतो. २५०मध्ये सम्राट डेशियसच्या छळात तो आपल्या माणसांना घेऊन डोंगरात जातो. त्याच छळात ओरिगेनच्या गळ्यात लोखंडी कडं पडतं, त्याचे पाय खोड्यात चौथ्या भोकापर्यंत ताणून ठेवतात. तो विश्वास सोडत नाही. सुटतो, पण शरीर खचलेलं असतं. काही वर्षांतच तो जातो.

पोंटसमध्ये मॅक्रिना नावाची बाई ग्रेगरीची शिकवण तोंडपाठ जपते आणि नातवंडांना देते. त्यांतला एक नातू म्हणजे कैसरियाचा, पण कप्पदुकियातल्या कैसरियाचा, बिशप बेसिल. बेसिल आणि त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी ओरिगेनचे उतारे निवडून फिलोकालिया हा संग्रह केला, अशी परंपरा आहे. शिष्याला लिहिलेलं ते पत्र त्यातच टिकून राहिलं.

५५३मध्ये ओरिगेनच्या नावावरच्या मतांचा चर्चने निषेध केला. त्याच्या लिखाणातलं बरंच नाहीसं झालं. त्याची सगळी मतं शिष्यांनी उचलली असती, तर ती मतं पडल्यावर शिष्यही पडले असते. तसं झालं नाही, कारण त्याने त्यांना मतं पारखायला शिकवलं होतं, स्वतःचीसुद्धा. आरंभीच्या मंडळीत विश्वास एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला तो असा: वर्षानुवर्षं जवळ राहून, प्रश्न अंगावर घेऊन, आणि ज्याला घडवलं त्याला वेळेवर मोकळं करून. आपल्याकडे कोणी शिकायला येत असेल, तर ओरिगेनसारखं वागणं आजही शक्य आहे. त्याला लागतो तो वेळ आणि स्वतःच्या वागण्याची साक्ष, आणि या दोन्हींना पर्याय नाही.