कोठडीचा पर्याय संपल्यावर

मुंबईत साकीनाक्याच्या सिग्नलवर रात्री एखादा माणूस गाड्यांसमोर उभा राहून स्वतःशीच भांडू लागला, तर फोन पोलिसांनाच जातो. डॉक्टर कमी, म्हणून हे काम पोलिसांच्या गळ्यात पडले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते कायद्याने नेमून दिलेले आहे. भटकणाऱ्या वेड्यांना पकडून मॅजिस्ट्रेटकडे पाठवणे हे १८५८ च्या कायद्याने दरोग्याचे कर्तव्य ठरवले. १९१२ च्या कायद्याने ते पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे दिले: नुसत्या भटकणाऱ्याला अटक करता येईल, पण धोकादायक वाटला तर करावीच लागेल. माणूस आजारी आहे का, याचा पहिला अंदाज पोलिसाचा, मग प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे, आणि डॉक्टरची पाळी त्यानंतर. हा क्रम थेट २०१८ पर्यंत टिकला.

या व्यवस्थेत पोलिसाला शिकवण्याची गरज कुणालाच भासली नाही, कारण त्याने ओळखावे, बोलावे, शांत करावे अशी अपेक्षाच नव्हती. उचलून नेले की झाले, आणि त्याला मनगटातला जोर पुरे. नेण्याची जागा पुष्कळदा तुरुंगच असे. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला आणि अटकेच्या जागी संरक्षण आले; चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे मात्र तसेच राहिले. आत्महत्येचा प्रयत्न तर सरळ गुन्हाच होता. मुंबई पोलिसांतल्याच एका शिपायाला अपघातानंतर मानसिक आजार जडला आणि महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्याने पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ लागले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरवले. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात ते वैध मानले. आजारी सहकाऱ्यासाठीसुद्धा खात्याकडे फिर्यादीपलीकडचा रस्ता नव्हता, ही गोष्ट कुठल्याही अहवालापेक्षा बोलकी आहे.

२९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा रस्ता बदलला. कलम १०० प्रमाणे अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात, साकीनाक्याहून म्हणजे राजावाडी किंवा कूपरला, न्यायचे. तो बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरचे शोधायचे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते. कोठडीचा पर्याय गेला की उरते ते बोलणे, आणि ते शिकावे लागते. कलम ३० मध्ये पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर आहे, ती म्हणूनच.

पोलीस ठाण्यात माणसे कमी, बंदोबस्त रोजचा, त्यात हा नवा प्रशिक्षणवर्ग कशाला, असा आक्षेप येईल. पण चिघळलेली एक झटापट रात्रपाळीचे किती तास खाते, हे ठाणे अंमलदाराला विचारावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकवून खरेच फरक पडतो का? अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला आणि पुढच्याच वर्षी तिथे पोलिसांसाठी चाळीस तासांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या नमुन्यावर झालेल्या अभ्यासांत पोलिसांची समज आणि वृत्ती सुधारलेली दिसते. बळाचा वापर घटतो का, यावर एकमत नाही. हे मान्यच करावे लागेल. मात्र मेम्फिसच्या पोलिसांना रुग्णाला परत न पाठवणारे रुग्णालयही मिळाले होते. आपल्याकडे अपघात विभागाने बेड नाही म्हटले, तर शिकलेल्या पोलिसाने काय करायचे? रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवता येते, हे बोरिवलीत सुरू झालेल्या डॉ. भरत वाटवानींच्या ‘श्रद्धा’ या संस्थेने दाखवले आहे, आणि त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. तेव्हा मरोळच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात असा वर्ग भरवायचा, तर त्यात राजावाडी-कूपरचे अपघात विभागातले डॉक्टरही शिपायांच्या शेजारी बसवावेत, आणि रात्री दोन वाजता रुग्ण कोण ताब्यात घेणार, हे तिथेच नावानिशी ठरवून घ्यावे.