सात दिवस की तीस दिवस?

घरात तेल किती लागलं, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो गेल्या आठवड्याबद्दल विचारायचा की गेल्या महिन्याबद्दल, एवढ्यावरून देशातल्या गरिबांची संख्या वेगळी निघू शकते. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला हा पेच लवकरच कळला. आठवड्याचा हिशेब विचारला की लोक खप जास्त सांगत, कारण दहा दिवसांपूर्वीची खरेदीही आठवणीत अलीकडे सरकते; महिन्याचा विचारला की बारीकसारीक खर्च विसरले जातात. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सेन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत महिन्याचं उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी अधिक जुळलं आणि तीस दिवसांचा प्रश्न रूढ झाला.

नव्वदच्या दशकात हा प्रश्न पुन्हा तपासला गेला, आणि तोही योग्य रीतीने. पाहणीच्या ५१ ते ५४ या फेऱ्यांत काही घरांना जुनी प्रश्नावली मिळाली, तर काहींना खाद्यपदार्थांसाठी सात दिवस विचारणारी नवी. नव्या प्रश्नावलीत अन्नाचा खप सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसला आणि त्यावरून मोजलेली गरिबी जवळजवळ निम्मी झाली. चूक झाली ती पुढे, १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत. तिथे सात आणि तीस दिवसांचे दोन्ही रकाने एकाच घरासमोर शेजारी-शेजारी आले. एका रकान्यातलं उत्तर दुसऱ्याशी जुळवून देण्याचा मोह सांगणाऱ्यालाही होतो आणि लिहून घेणाऱ्यालाही. दोन्ही आकडे एकमेकांजवळ सरकले. गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यातली घट किती आणि प्रश्नाची करामत किती, यावर अर्थतज्ज्ञांचा मोठा वाद झाला. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी इंधनासारख्या, ज्यांचा प्रश्न बदलला नव्हता अशा खर्चांचा आधार घेऊन दाखवलं, की घट बरीचशी खरी होती, पण जाहीर झाली तेवढी नव्हती.

मग घराघरांत तराजू घेऊन बसावं, असं कोणी म्हणेल. पण ते फार खर्चिक आहे, शिवाय रोज मोजणारा माणूस दारात असला की घरातला स्वयंपाकही बदलतो. उत्तरं अशी डळमळीत असतील तर पाहण्याच बंद कराव्यात, हा आक्षेपही टिकत नाही. दर फेरीत एकाच पद्धतीने विचारलं, तर निदान चढउतार तरी बऱ्याच अंशी समजतो. मात्र जुना प्रश्न कायम ठेवणं हेही उत्तर नव्हे. भाजी, तांदूळ आणि कपडे एकाच अवधीत नीट आठवत नाहीत, म्हणूनच २०२२-२३ च्या पाहणीत सात, तीस आणि ३६५ दिवस असे वेगवेगळे अवधी वापरले गेले. हा बदल योग्यच आहे. पण प्रश्न बदलताना काही घरांना, वेगळेपणाने, जुना प्रश्नही विचारायला हवा. तो खर्च वाचवला, तर जुन्या आकड्यांशी तुलना करण्याचा आधारच उरत नाही.