हाली रुपयाचे वाचन

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजामाचा 'हाली' रुपया उल्लेखिला जातो. वाचला मात्र क्वचितच जातो. परभणीच्या बाजारात एकेकाळी सात हालीला सहा 'कलदार' म्हणजे ब्रिटिश रुपये, असा साधारण भाव असे. त्यामागे चांदीचा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के, कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. गुणाकार करून पाहावा!

चारमिनार छापाच्या नाण्यावर कमानीतले अक्षर पाहावे. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेले उस्मान अली खान. निजामाच्या नोटांवर मराठी होती, या रुपयावर नाही.

१९५९ मध्ये हाली चलनातून गेला. सराफाच्या मुशीत जो पडला, त्याची फक्त चांदी उरली. घरात राहिलेला रुपया आपण कौतुकाने चिंचेने घासतो, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच उतरते.